दादानं बिस्किटं खाल्ली

दि. ११, मंगळवार, दुपार

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. पायाचं प्लास्टर निघालं का? निघालं असलं तरी लगेच घरभर नाचायला लागू नकोस, तुझा काही भरवसा नाही. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. फोनच करणार होतो. पण तुला फोनवर अर्धं ऐकू येत नाही, आणि उरलेलं अर्धं मला बोलता आलं नसतं.

तर बातमी अशी की दादाचं ऑपरेशन आज झालं नाही. उद्या सकाळी आहे. कारण ऐकशील तर कपाळावर हात मारून घेशील. आपल्या दादानं पहाटे बिस्किटं खाल्ली! तोंडात पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही म्हणून सिस्टरनं दहादा बजावलं होतं, पलंगाला पाटीसुद्धा लावली होती, आणि या शहाण्यानं बिस्किटं खाल्ली. भूल देणारे डॉक्टर असे भडकले की काही विचारू नकोस. वहिनी तर त्याच्याशी बोलायला तयार नाही. "एवढा मोठा घोडा झाला तरी जिभेवर ताबा नाही," म्हणते.

बाकी हॉस्पिटल चांगलं आहे. स्वच्छ आहे. लिफ्ट मात्र तिसऱ्या मजल्यावर येताना कुरकुरते, रुळांना कुणी तेल दाखवलेलं नाही. मी तिच्या समोरच्याच बाकावर बसून हे लिहितोय. सारखं वाटतं, उठावं आणि दोन मिनिटांत तिचं काम करून टाकावं. निदान ते तरी मला येतं.

दादा कसा आहे हे तू विचारणारच. चांगला नाही, ताई. डोळे पिवळेधमक झालेत, पोट फुगलंय, हातापायांच्या काड्या झाल्यात. काही खाल्लं की उलटी होते. माझ्या लिव्हरचा मोठा तुकडा काढून त्याला लावायचा, हे तुला माहीतच आहे. माझं उरलेलं परत वाढतं म्हणे. म्हणे! तुला जे सांगितलं नव्हतं ते असं, की तुकडा लावला तरी तो टेबलावरून उठेलच असं डॉक्टर म्हणत नाहीत. त्याचं अंग फार थकलंय. शिवाय मध्येच ताप आला तर ऑपरेशनच करता येणार नाही, मग सगळंच संपलं. मोठे डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "आम्ही आमच्याकडून सगळं करू. बाकी देवाच्या हातात."

अगं, एखादा मेकॅनिक मला असं म्हणाला असता ना, तर मी त्याच्या लिफ्टमध्ये पाय ठेवला नसता.

मला भीती वाटते, ताई. लिहिलं एकदाचं. त्यांनी माझ्या पोटावर पेनानं रेघ काढली तेव्हापासून वाटते. कापणार कुठून ते दाखवायला काढली होती. मी हसून "सरळ काढा बरं का," म्हणालो आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो. माझी पोरगी आत्ता कुठे बुटाची नाडी बांधायला शिकतेय. ही रोज विचारते, "तुम्ही नक्की उठणार ना?" आणि मी म्हणतो, "वेडी की काय!" पण मला तरी कुठे माहीत आहे? मी मेलो आणि दादाही गेला तर? तो टेबलावरच गेला आणि माझं पोट उगाचच फाडलेलं राहिलं तर? असले विचार येतात. तू म्हणशील, असं अभद्र बोलू नये. बोलत नाही, लिहितोय.

आता खरं सांगतो. आज पहाटे मी पळून गेलो.

दादा शेजारच्या पलंगावर डोळे मिटून पडला होता. वहिनी बाहेर तोंड धुवायला गेली होती. मी कपडे बदलले, चपला हातात घेतल्या आणि जिन्यानं उतरलो. घरी जायची हिंमत नव्हती, म्हणून माझ्याकडे लिफ्टचं काम असलेल्या इमारतीत गेलो, वर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत. दार आतून लावलं आणि तेलाच्या डब्यावर बसून राहिलो. फोन बंद.

तिथे मी प्रार्थना केली. हसू नकोस. काय बोलायचं ते माहीत नव्हतं. म्हटलं, "देवा, आपली काही ओळख नाही. मी ताईच्या ओळखीनं आलोय." पुढे शब्दच सुचेनात. काही झालंही नाही. धीर आला नाही, उजेड पडला नाही, मोटर घरघरत होती तेवढीच.

लिफ्टच्या डब्याखाली एक पकड असते. डबा जोरात खाली जायला लागला की ती रुळाला चावून बसते. ती धरते की नाही हे बघायला आम्ही रिकामा डबा मुद्दाम सोडून देतो. इतकी वर्षं सोडतोय, तरी दर वेळी ती चावल्याचा आवाज येईपर्यंत मी आकडे मोजतो. तिथे बसल्या बसल्या वाटलं, आपली ताई आयुष्यभर हेच करत आलीय. आई गेली तेव्हा तूच केवढीशी होतीस! आम्हा दोघांची तोंडं धुवायचीस, भांग पाडायचीस आणि "देव बघेल" म्हणून कामाला लागायचीस. मी मोठा झाल्यावर तुझ्या त्या देव-देव करण्याची किती टिंगल केली. पण ताई, पकड मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीय. देवाची मला दिसली नाही. हा फरक लहान नाही गं.

उन्हं वर आल्यावर फोन चालू केला. लगेच वहिनीचा आला. "कुठे आहेस? ह्यांनी बिस्किटं खाल्ली, ऑपरेशन उद्यावर गेलं!" आणि मी हसलो, ताई. मोठ्यानं हसलो. सुटलो, असं वाटलं मला. भाऊ मरणाच्या दारात आणि मला आनंद.

परत आलो तर वॉर्डात झाडणारी मावशी जिन्यातच भेटली. म्हणाली, "तू गेलास तसा तो उठून बसला. माझ्या पिशवीतली बिस्किटं मागून घेतली. गिळवत नव्हती रे त्याला. डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी दोन खाल्ली. आणि मग स्वतःच सिस्टरला हाक मारून सांगितलं."

मी आत गेलो. कुठे होतास, असं त्यानं विचारलंच नाही. म्हणाला, "काही खाल्लंस का?"

"तू खाल्लंस की! आज ताप चढला असता म्हणजे?"

"चढला नाही ना?"

"आणि मी आलोच नसतो तर?"

"तर मला ऑपरेशन नकोय असं मीच सांगितलं असतं. तुझ्याकडे कुणी बोट दाखवलं नसतं." मग बराच वेळ धापा टाकत राहिला. "बारक्या, मला बरं करायचं असेल तर देव तुझ्याशिवायही करेल. त्याला तुझा हात पिरगाळायची गरज नाही. घाबरून हो म्हणू नकोस. लाजून तर मुळीच नको."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते की! पाय बघ कसे गार पडलेत. म्हणून तर त्याला सारखं सांगत असतो. भीती नसती तर कशाला गेलो असतो त्याच्याकडे?"

मी त्याचे पाय चोळत बसलो. थोड्या वेळानं मी म्हटलं, "उद्या काही खाल्लंस तर याद राख." तो म्हणाला, "तुझ्या वहिनीला यातलं सांगू नकोस, रागावलेली असली की ती रडत नाही." आणि तसाच झोपला.

उद्या मी आत जातोय. भीती गेली असं समजू नकोस. डॉक्टर कालच्यापेक्षा काही वेगळं म्हणत नाहीत. तरी जातोय.

हे पत्र तुला मिळेल तोवर सगळं होऊन गेलेलं असेल. तुला फोनही आला असेल, कसला ते मला आज माहीत नाही. तरीही पत्र वाचून झालं की आमच्या दोघांसाठी प्रार्थना कर. उशीर झाला, आता काय उपयोग, असं म्हणू नकोस. तुझ्या देवाला मागचं-पुढचं सगळं सारखंच, असं तूच म्हणायचीस ना? मग त्या दिवशी तू जे मागशील ते त्याला उद्याच ऐकू येईल, असं धरून मी त्या टेबलावर झोपणार आहे. नक्की माग, ताई. मी वाट बघतोय.

तुझा,
बारक्या