आता बस

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. तुझ्या तळमजल्यावरची खोली रंगवून झाली आणि रविवारी तू आईला कायमची न्यायला येते आहेस, हे वाचलं. त्याआधी एक गोष्ट तुला सांगायला हवी.

आईची पाळी गेली, मागोमाग तपासणीत हाडं विरळ निघाली, हे तुला माहीत आहे. कापड बेतायच्या टेबलाशी ती तीस वर्षं उभी राहिली. मी तिला दुकान सोडायला लावलं. मग हातातला झाडू काढून घेतला, मग भाजीची पिशवी. तिनं काही उचललं की मी म्हणायचे, आता बस. म्हणजे पुरे. ती मात्र खरोखरच बसली, खिडकीशेजारच्या खुर्चीत, आठ महिने. अंगातून वाफा यायच्या, झोप उडाली, बोलणं तुटक झालं. तेव्हाच मी तुला लिहिलं होतं, की तीन मजले आता तिला झेपत नाहीत.

मग डॉक्टरांनी तिला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. त्यांनी हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. आईनं दोनदा प्रयत्न केला आणि माझ्याकडे बघितलं. घरात काम कोण करतं, असं विचारल्यावर मी जरा अभिमानानंच म्हटलं, की मी हिला इकडची काडी तिकडे करू देत नाही. बाईंनी वहीतून मान वर न करता विचारलं, “मग यांना बसवलं कुणी?”

त्याला तीन महिने झाले. आई पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलून व्यायाम करते. खुर्चीतून हात न टेकता अकरा वेळा उठते. आधी एक मजला चढायची, मग मध्ये टेकत दोन. परवा माझ्याआधी वर पोचली आणि दारातून म्हणाली, की हाडं विरळ झाली आहेत, अक्कल नाही. वाफा अजून येतात. झोप मात्र पहाटेपर्यंत टिकते. माझ्या झाडण्याला पुन्हा नावं ठेवू लागली आहे.

तू तिला जिन्यामुळे नेते आहेस, आणि जिना झेपत नाही हे माझंच वाक्य होतं. ते मी मागे घेते. रविवारी ये, पण सामानाची गाडी ठरवू नकोस. हे पत्र पेटीत टाकायला आई एकटीच निघाली आहे. चप्पल घालून दारात थांबली आहे. तोंडाशी पुन्हा तोच शब्द आला आहे. तिला म्हणण्याऐवजी तो इथे लिहिते. बस.

तुझीच,
धाकटी