चाळीस हजार प्रश्नचिन्हं

सुन्ने, वर्मलांड
१२ ऑक्टोबर

प्रिय मेर्ताताई,

सप्रेम नमस्कार. तुमचा डावा गुडघा, उजवा गुडघा आणि मांजर, तिघांची प्रकृती कशी आहे? माझी म्हणाल तर भूक लागते, झोप लागते आणि डॉक्टरांच्या मते एवढं पुष्कळ झालं. तुमची बहीण गुन्वोर जाऊन सात महिने झाले, मी तुम्हाला एकही फोन केला नाही. कारण तुम्हाला ठाऊक आहे. दफनानंतरच्या कॉफीच्या वेळी वेलदोड्याचा पाव माझ्या हातात देताना (तो मी खाल्ला नाही, अजून कोटाच्या खिशात आहे) तुम्ही हळूच विचारलंत, "एव्हर्ट, तुझी बायको अकरा वर्षं रोज संगणकावर टिपणं लिहीत होती. त्यातलं एक तरी तू वाचलंस का रे?" मी वाचलं नव्हतं. ती लिहायची तेव्हा मी शेजारच्याच खोलीत असायचो.

म्हणून ठरवलं, त्या टिपणांचं पुस्तक छापायचं आणि पहिली प्रत तुमच्या हातात ठेवायची. जन्मभर प्रोग्रॅम लिहून पोट भरलेला माणूस मी, चार हजार फायली नीट करून एकामागे एक लावायला मला पायथनच्या दहा ओळी पुरतात. पण या भाषेची एक खोड आहे. फाईल कोणत्या पद्धतीनं लिहिलीय हे आपण सांगितलं नाही, तर ती यंत्रालाच विचारते, बाबा रे, तू कुठल्या मुलखातला? माझं यंत्र नवं आणि मुलखाचा रकाना मी कोरा सोडलेला (असल्या चौकशा मला आवडत नाहीत). मुलूख नसलेल्याला इंग्रजांच्या सव्वीस अक्षरांपलीकडे काही येत नाही. आपल्या भाषेतलं डोक्यावर गोळा किंवा दोन टिंबं असलेलं अक्षर आलं की गाडी ठप्प. चौथ्यांदा ठप्प झाल्यावर मी चिडलो आणि लिहिलं, कळणार नाही तिथे प्रश्नचिन्ह टाक, पुढे चल, आणि नव्या फायली जुन्यांच्याच जागी ठेव, पसारा नको. प्रोग्रॅम आज्ञाधारक निघाला. दुसरी प्रत ठेवा, असं मी तीस वर्षं लोकांना बजावत आलो. माझी दुसरी प्रत त्याच फोल्डरमध्ये होती, तिचाही त्यानं निकाल लावला.

चाळीस हजार प्रश्नचिन्हं झाली, ताई. जन्मात गुन्वोरनं मला इतके प्रश्न विचारले नव्हते. आता एकेक हातानं दुरुस्त करतोय, म्हणजे अखेर वाचतोय. मधलं अक्षर गेलं तरी लोणी कळतं, दार कळतं, बर्फ उपसायचं फावडंही कळतं. 'एव्हर्टनं आजही खोपटाला कुलूप लावलं नाही' हे वाक्य तर दर आठवड्याला येतं, ते मी डोळे मिटून दुरुस्त करतो. एका मार्चमध्ये लिहिलंय, 'काय लिहितेस, असं तो विचारेल असं वाटलं होतं. उद्या विचारेल.' त्या दिवशी पुढे काम झालं नाही. मी फार रडलो.

शेवटचं टिपण ती इस्पितळात गेली त्या सकाळचं. 'एव्हर्ट, विसरू नकोस,' एवढं आणि पुढे तीन खुणा: ल, प्रश्नचिन्ह, स. चाळीस वर्षं मुलांना शुद्धलेखन शिकवलेल्या बाईंना मी काय सांगणार? मधल्या अक्षरावर गोळा असेल तर 'कुलूप लाव', दोन टिंबं असतील तर 'वाच'. (टिंबांच्या दुसऱ्या अक्षरानं 'सोडव' असा तिसराही अर्थ निघतो, पण गुन्वोर मला कोडी घालत नसे.) मी दोन्ही विसरत होतो, म्हणून अंदाज चालत नाही. सध्या रोज कुलूप लावतो आणि मग वाचत बसतो.

मुलांना आशीर्वाद, मांजराला कुरवाळा.

तुमचा,
एव्हर्ट

ता. क. ती दर रविवारी तुम्हाला हातानं पत्र लिहायची. त्या शेवटच्या आठवड्यातही लिहिलं असेल. त्यात हा शब्द आहे का, तेवढं पाहाल?

आणखी ता. क. पत्रं टपालानं पाठवू नका, घेऊन या. तुमचा आवाज अगदी तिच्यासारखा आहे, फोन न करण्याचं खरं कारण तेच. तुम्ही याल त्या दिवशी दाराला कुलूप नसेल, तिनं तेच लावायला सांगितलेलं असलं तरी.