रॅगवाल्यासाठी प्रार्थना

सेंट लुई, मिझुरी
९ मार्च १९१७

आदरणीय बाबा,

सप्रेम नमस्कार. तुमचं पत्र पोचलं. खोकला कमी झाला हे वाचून बरं वाटलं. इथे नदीवरचा वारा अजून बोचतो. पण कोळसा मिळतोय, आणि माझी धुण्या-इस्त्रीची कामंही चालू आहेत.

ईस्टरला येऊन कॅशियसचं वाजवणं ऐकेन, असं तुम्ही लिहिलंत. गुत्त्यात वाजवतो म्हणून तुम्ही पोटच्या मुलाला घराबाहेर काढलंत, त्यानंतरचं हे तुमचं पहिलंच पत्र. पियानो नीट लावून ठेव म्हणालात. बाबा, पियानो मी विकला.

गुत्त्यांतल्या त्या उसळत्या संगीताला रॅगटाइम हे नावसुद्धा पडलं नव्हतं, तेव्हापासून कॅशियस ते वाजवत होता. डावा हात ठेक्याला पक्का, उजवा त्याला सतत हुलकावण्या देणारा. गेल्या वर्षी तो उजवा हातच बिघडला. बोटं पट्ट्यांवरून घसरायची. मग बोलणं घसरलं. एकदा मलाच चोर समजून त्याने खुर्ची उगारली. शेवटी त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं लागलं.

तुमचं पत्र मी त्याला तिथेच वाचून दाखवलं.

"कोण येतंय म्हणालीस?"

"तुझे बाबा."

"त्यांना सांग, मी वाजवणं सोडलं. आता तरी घरात घ्या म्हणावं."

एवढं बोलून त्याने भिंतीकडे तोंड केलं. तेच त्याचे शेवटचे शब्द.

बाबा, कॅशियस गेला. मंगळवारी त्याला पुरलं.

आमच्या पाद्रीबाबांना बोलवायला मी स्वतः गेले होते. "गुत्त्यातल्या वाजंत्र्यासाठी मी बायबल उघडणार नाही, बाई," म्हणाले. त्यांच्या जागी मला तुम्ही दिसलात. राग मानू नका, पण दिसलात. शेवटी खड्डा खणणाऱ्या दोघांनीच टोप्या काढल्या.

परतताना एका दुकानात कुणीतरी त्यानेच रचलेला रॅग वाजवत होतं. दारात पोरी नाचत होत्या. "कुणाचा गं हा?" मी विचारलं.

"कुणाचा कशाला असेल? तो आधीपासूनच आहे," एक म्हणाली आणि गिरकी घेऊन पुढे गेली. मी त्याचं नाव घेईपर्यंत ती नाचणाऱ्यांत मिसळली होती.

ईस्टरपर्यंत थांबू नका. ऐकण्यासारखं आता काही उरलेलं नाही, पण त्याच्या मातीवर अजून कुणीच प्रार्थना म्हटलेली नाही. बायबल घेऊन या. आणि त्याला मुलगा म्हणून हाक मारा, मोठ्याने.

तुम्ही कधी मानली नाहीत, तरी तुमचीच सून,
लुव्हिनिया