वरच्या डोंगरावरचा साकुरा

२६ मार्च
निवृत्त झाल्यावर माणसं खचतात. मी कॅमेरा घेतला. योशिनोच्या डोंगरांवरचा साकुरा, चेरीचा तो बहर, आजवर लाखोंनी टिपलाय, पण नीट बघितलाय कुणी? एका दिवसात जाऊन यायचं, एकच फोटो काढायचा. पण असा की शहराच्या प्रदर्शनात ‘इसोबे कोझो’ हे माझं नाव वाचायला लोक पुढे वाकले पाहिजेत. फुमिएला सांगितलं. ती म्हणाली, “त्या एका फोटोत मी असेन ना?” बायकोला कला समजावणं अवघड.

३० मार्च
सकाळचा अंदाज: गुरुवारी ऊन. दुपारचा अंदाज: गुरुवारी ढग. दिवस बदलला. जेवणानंतर परत बदलला. फुमिए म्हणते, “अहो, ठरवा एकदाचं. मला डब्याचं सामान आणायचंय.” डबा! इथे प्रकाशाचा प्रश्न आहे.

२ एप्रिल
सराव. सोफ्यामागच्या अंधारात मांजराचे फोटो. मांजर सहकार्य करत नाही. कॅमेऱ्याबरोबरची पुस्तिका उघडली. नवशिक्यांसाठी आहे. मिटली.

५ एप्रिल, गाडीत
आबेनोबाशी स्टेशनहून पहिली गाडी. खिडकी मिळाली. पण नदी पलीकडच्या बाजूला, म्हणून तिकडे गेलो. तिकडे ऊन डोळ्यांवर. परत आलो तर जागा गेलेली. फुमिए बसल्या जागी छान डुलक्या काढतेय. काही लोकांना कशाचीच ओढ नसते.

त्याच दिवशी, दुपारी
खालचा डोंगर: झाडं बरी, गर्दी फार. मधला डोंगर: ऐन बहर, हे मान्य. फुमिए म्हणाली, “इथेच बसू या ना. याहून चांगलं काय असणार?” मी म्हणालो, अगं, वर अजून चांगलं आहे. ती म्हणाली, “लग्न झाल्यापासून तुमचं ते चांगलं कायम वरच असतं.” दुर्लक्ष केलं. तिला जागा धरायला सांगून निघालो. शेजारच्या ताडपत्रीवर दोन बायका होत्या, त्यांनी सरकून तिला बोलावलं.

वरचा डोंगर: अर्धवट कळ्या. सगळ्यात आतला डोंगर: घट्ट मिटलेल्या कळ्या. कुत्रा फिरवणारा एक म्हातारा म्हणाला, “अहो, फार लवकर आलात की!” मी म्हणालो, मी नेहमी लवकरच येतो.

संध्याकाळी
धावत उतरलो. मधल्या डोंगरावरचं ऊन गेलेलं. फुमिएही गेलेली. फोनवर तिचा निरोप: “वाट पाहिली. शेजारच्या ताडपत्रीवरच्या तोकुनागाबाई आणि त्यांच्या बहिणीबरोबर निघाले. डबा संपला. अंड्याची गुंडाळी सगळ्यांना आवडली.” सगळ्यांना म्हणे! दुकानात उरलेली सुशी उभ्यानेच खाल्ली. फोटो मात्र भरपूर झाले. चालता चालता काढल्यामुळे त्यांत गती आहे.

६ एप्रिल
मुलगी आली, चिहारु. फोटो टीव्हीवर लावले. पडदा पांढरा. पुढचा फोटो, पांढरा. त्याच्या पुढचाही. ती म्हणाली, “बाबा, हे अंधारातलं सेटिंग आहे. बदललंच नाहीत?” मी म्हणालो, धुकं होतं. फुमिए म्हणाली, “कसलं धुकं? रखरखीत ऊन होतं.”

मग फुमिएने आपल्या फोनवरचा एक फोटो दाखवला. ती आणि त्या दोघी, तोंडात घास, खदाखदा हसताहेत. फांदी अर्धी कापलेली. रचना कच्ची आहे, असं मी स्पष्ट सांगितलं. फुमिएला इतकं हसताना मी कधी पाहिलं होतं, आठवेना. स्वस्त फोनमध्ये चेहरे असे फुगून दिसतात.

१९ एप्रिल
फुमिए सकाळीच गोजो गावाला निघाली. तोकुनागाबाईंच्या अंगणात उशिरा फुलणारं एक झाड आहे म्हणे. मी सहज विचारलं, कितीची गाडी? ती बूट चढवत म्हणाली, “तुम्ही कंटाळाल हो. आम्ही नुसत्या बसणार आहोत.”

कंटाळेन? मी? तसा मला वेळ नाहीच. पुढच्या वर्षीची आखणी करायचीय. टेबलाशी बसलो. उठलो. गॅलरीत गेलो. आत आलो. मग पाय मोकळे करायला म्हणून निघालो, तो स्टेशनवरच पोचलो. मलाही नुसतं बसता येतं, एवढंच तिला सांगायचं होतं. तिची गाडी सुटली होती.

फलाटावरच्या बाकावर नुसतं बसून पाहिलं. पुढची गाडी यायच्या आत उठलो.