हदगावकडचा तणमोर

श्रावण शुद्ध षष्ठी, नांदेड. संध्याकाळ.

संपादकांना तुलना हवी आहे. पोटात पिल्लं वाढवणारा ऑस्ट्रेलियातला बेडूक नामशेष झाला, आपला गवताळ माळावरचा पक्षी तणमोर त्याच वाटेवर. म्हणून आज हदगावकडच्या माळावर गेलो. माळाचे मालक बाबाराव म्हणाले, "न्हाई साहेब, तसलं पाखरू इथं न्हाईच." उपनिषदातलं नेति नेतिसुद्धा इतकं ठाम नसेल. वर म्हणाले, "गवतातून उड्या मारनारं पाखरू आमाला कशाला दिसंल?"

उड्यांचं मी बोललोच नव्हतो. पावसाळ्यात मादीला बोलवायला नर तशाच उड्या मारतो.

"बाबाराव, उड्या कुणी सांगितल्या?"

त्यांनी आधी चहा मागवला. मग आवाज उतरवून म्हणाले, "लिहू नका. पाखरू हाय म्हनलं की वनखात्याच्या नियमात जमीन अडकती. लिहिलं तर मी उद्याच नांगर घालतो."

ही धमकी की विनवणी? त्या उड्या काही डोक्यातून जात नाहीत. बेडूक शोधूनही सापडला नाही. हा तणमोर बाबारावांच्या समोर उड्या मारतोय, तरी नाही म्हणायचं.

लेखातून तो माळ गाळला. पाठवून दिल्यावर लक्षात आलं, लिहिलं नाही तर नांगर घालणार नाही, असं बाबाराव कुठे म्हणाले होते?