बाळाचा डबा आणि बहिऱ्या मावशी

ती. मामांस,

तुमच्या भाचीचा वाकून नमस्कार (वाकले आहे खरी, पुन्हा सरळ होईन याची खात्री नाही, रात्रभर गोदामात उभी होते). तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींनी तुम्हाला साखरेच्या डब्यापाशी पुन्हा पकडलं म्हणे. असो, आता माझं ऐका.

गिऱ्हाइकांनी घरबसल्या मागवलेल्या वस्तू शोधायच्या, खोक्यात भरायच्या आणि पहाटे पाचच्या गाडीत चढवायच्या, ही माझी रात्रपाळी. मामा, रात्री दोनला माणसं काय काय मागवतात! कुणाला दुर्बीण, कुणाला उंदराचा सापळा, एकाला दोन्ही (त्याचा उंदीर लांब राहत असावा). आपण समजतो जग झोपलंय, आणि इथे दर मिनिटाला कुणीतरी जागं असतं. पहिल्या रात्री मी संगणकाच्या पडद्याकडे नुसती आ वासून बघत बसले, तर मुकादमाने झापलं.

परवा एक मागणी आली, बाळाच्या दुधाच्या पावडरीचा एकच डबा. खाली निरोप होता, "बाळाला हेच पचतं. घरातलं उद्या संपेल." संगणक म्हणाला, शिल्लक शून्य. मी घाबरले (आणि घाबरले की माझा हात डोक्याच्या पुढे धावतो, तुम्हाला ठाऊकच आहे) आणि मागणी रद्द करून बसले. मुकादम म्हणाला, "नाहीच ना माल, मग पुढची घे." मी मात्र पुढची न घेता उठले.

खोकी बांधायच्या टेबलापाशी एक मावशी असतात. साठीच्या, कानाने अधू. सगळे त्यांच्याशी ओरडून बोलतात आणि त्या सगळ्यांना हळू उत्तर देतात. मी रडकुंडीला येऊन डब्याचं नाव ओरडले, तशी त्यांनी चिकटपट्टी खाली ठेवली आणि डोळे मिटले.

"सतरावी रांग, वरून दुसरा कप्पा, कुत्र्याच्या बिस्किटांच्या मागे. बुधवारी एक डबा परत आलाय, वरचं खोकं चेपलं म्हणून. नोंद राहिलीय."

मामा, त्या गोदामात चाळीस हजार वस्तू आहेत! मी स्टुलावर चढून हात घातला, तर डबा तिथेच! सीलबंद, मुदतीतला. मुकादमाने डोक्यावरची टोपी काढली, ती परत घालायचंच विसरला. रद्द झालेली मागणी पुन्हा उभी कशी करायची ते कुणालाच येईना, तेव्हा मावशींनी पत्ता हाताने लिहून खोक्यावर चिकटवला आणि ते ड्रायव्हरच्या मांडीवरच ठेवलं. "पहिलं हेच घर," त्या म्हणाल्या. कुणाच्या बापाचं न ऐकणारा तो माणूस मान डोलावून गेला.

सुटायच्या वेळी फोन आला. पलीकडे बाळाची आई, तिला नीट बोलताच येईना. "पोचलं. पितोय," एवढंच म्हणाली. मी धावत जाऊन मावशींच्या कानात ओरडले.

"एवढं ओरडतेस कशाला?" डोळे पुसत त्या म्हणाल्या. "तुझ्या तोंडावरच दिसतंय."

तुमची,
भाची

ता. क. पत्राचं खरं कारण असं, की काम शिकताना मुकादम म्हणाला होता, सरावाला कुठलाही पत्ता टाक. मला तुमचाच तोंडपाठ. तो सराव नव्हता, हे काल कळलं. गुरुवारी तुमच्या दाराशी अकरा शिड्या येतील. कृपा करून मामींच्या आधी दार तुम्ही उघडा आणि त्या परत पाठवा.

ता. क. दुसरं: शिड्याच असतील तर बरं. इथे प्रत्येक वस्तूला एक आकडा असतो, आणि शिड्यांच्या शेजारच्या आकड्यावर न्हाणीघरातले टब आहेत.