गाडीतल्या झुरळाचा बंदोबस्त

सोमवार, ४ तारीख. सकाळी.
नातीला मुलगी झाली! मी पणजी झाले! मी चौथीत शाळा सोडली, पण ही इंजिनिअर होणार, आजच ठरवून टाकलं. रविवारी दवाखान्यातून घरी येणार, लेकाच्या गाडीतून. बाळाशेजारी मीच बसणार. म्हणून टोपीचं विणकाम घेऊन गाडीत बसायचा सराव करायला गेले. मांडीवर उशी. तेवढ्यात स्टेअरिंगजवळच्या बारक्या जाळीत झुरळ शिरलं. माझ्या पणतीच्या गाडीत! विणायची सुई आत खुपसली. चार वेळा. पाचव्यांदा कडकन आवाज. त्याचं कंबरडं मोडलं. सुईचं हिरवं टोकही आतच राहिलं, राहू दे. आता गाडी निर्धास्त.

मंगळवार, ५.
लेक घामाने निथळत आला. एसी बावीसवर ठेवला तरी भट्टीसारखी गरम हवा येते म्हणे. सून म्हणाली, अशा गाडीतून बाळ आणायचं नाही. मी म्हटलं, मी आहे ना. ह्यांनी तीस वर्षं ट्रक चालवला. मी त्यात एकदाही चढले नाही, पण कपडे कोणी धुतले? नुसत्या डागावरून इंजिनाचं दुखणं ओळखायची. निदान झालं : वारा कुठेतरी अडकलाय. लेक म्हणाला, आई, तू हात लावू नकोस. बरं. हात नाही लावणार. ह्यांची हातोडी आहे.

बुधवार, ६. दुपारी.
डॅशबोर्डला अकरा दणके. अकराव्याला वायपर आपोआप सुरू झाले. म्हणजे गुण येतोय. आणखी चार घातले, तर हॉर्न वाजायला लागला तो थांबेचना. समोरची बाई गॅलरीत येऊन ओरडली, अहो आजी, कोणाचा जीव घेताय? तिचा जावई अजून सायकलवर फिरतो, तिला काय कळणार गाडीतलं. हवा गरमच.

गुरुवार, ७.
बॉनेटला लाथ घातली. अंगठा टम्म फुगला. बॉनेटला पोचा आलाय, पण उन्हात दिसत नाही.
संकल्प : आजपासून संताप बंद. शांत डोक्याने मारायचं.

शुक्रवार, ८.
गॅरेजवाला घरी आला. कॉम्प्युटर लावून बघावं लागेल म्हणाला. मी म्हटलं, कॉम्प्युटर कशाला, तू बाजूला हो, आणि हातोडी उचलली. तर मेल्याने गाडीत बसून काचा वर करून घेतल्या! त्या गरम हवेत! सुनेने हातोडी काढून घेतली, लपवून ठेवली. लाटणं आहे अजून.

शनिवार, ९. गॅरेजमध्ये.
मीही गेले. पिशवीत लाटणं. कॉम्प्युटर म्हणतो, गाडीत उणे चाळीस थंडी आहे. मी पोट धरून हसले. गॅरेजवाला म्हणाला, आजी, त्या जाळीमागे सेन्सर असतो, आत किती गरम आहे ते तो गाडीला सांगतो. तोच मोडला, म्हणून गाडीला वाटतं माणसं गारठलीत, आणि ती हीटर सोडते. जाळी उघडली. सेन्सरचे दोन तुकडे. मध्ये माझं हिरवं टोक. लेकाने माझ्याकडे बघितलं. मी टायरकडे बघितलं. नवा सेन्सर बुधवारी येणार.
आणि मग त्याच भोकातून ते बाहेर आलं. झुरळ. धडधाकट. मिशा हलवत! मी लाटणं हाणलं. झुरळ वाचलं. पुढची काच नाही वाचली.

रविवार, १०.
पणती टॅक्सीतून आली. गारेगार टॅक्सी. मला नेलं नाही, जागा नव्हती म्हणे. खिडकीतून बघितलं मी, एका सीटवर नुसती पिशवी बसून आली.
बाळ मांडीवर देण्याआधी सुनेने माझे दोन्ही हात उघडून बघितले. पिशवीही. बाळाने इवलीशी मूठ वळली आणि माझ्या नाकावर दिली ठेवून. काय जोर! अगदी माझ्यावर गेलीय.
डोकं मात्र उघडंच होतं तिचं. टोपी अर्धीच राहिलीय. मी सगळ्यांसमोर नवी सुई मागितली.